रुळावरची सवत

माझ्या माहेरी रेल्वे नव्हती. वाईच्या पलीकडे, डोंगराला लागून आमचं गाव. एसटी दिवसातून एकदा यायची आणि ती आली की अर्धं गाव बघायला जमायचं. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "मुलगा खडकीला कारखान्यात आहे, निर्व्यसनी आहे, फक्त त्याला रेल्वेचा जरा नाद आहे म्हणतात." मला वाटलं, असेना का. कुणाला तंबाखूचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. रेल्वेचा नाद करून माणूस करून करून काय करणार?

लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. चिंचवड तेव्हा गावच होतं. नदी, गणपतीचं देऊळ, पेरूच्या बागा आणि स्टेशनापर्यंत धुळीचा रस्ता. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या गावात होत्या. हे खडकीला फिटर. मूळचे कामशेतच्या बाजूचे, घर रुळाला चिकटून, त्यामुळे पाळण्यात असल्यापासून गाड्या ऐकत वाढलेले. ह्यांचं नाव मी आयुष्यात कधी घेतलं नाही, आता लिहितानाही घेणार नाही आणि त्यावाचून काही अडणारही नाही.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी भाकरी थापत होते, हे चहा पीत होते. लांबून, आकुर्डीच्या अंगानं, कुणीतरी मोठ्यानं कण्हल्यासारखा आवाज आला. ह्यांनी बशी खाली ठेवली, मी गप्प राहावं म्हणून हात वर केला आणि ऐकत राहिले. ऐकताना ह्यांचा चेहरा असा काही उजळला की माझा हात परातीतच थांबला. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी हिरव्या शालूत समोर उभी होते. तेव्हासुद्धा हा चेहरा एवढा उजळला नव्हता, मी नीट बघितलं होतं.

"खेकडा," हे म्हणाले. "मालगाडी घेऊन चाललाय." आणि पुन्हा बशी तोंडाला लावली.

खेकडा म्हणजे काय ते मला पुढे कळलं. ह्यांनी मला बसवून सांगितलं असं मात्र नाही. हे घरात बोलतच नसत. "मीठ दे", "पाणी तापलं का", "येतो" एवढ्यावर दिवस निघायचा. रविवारी मित्र यायचे, बाहेरच्या ओट्यावर बसायचे, आणि मी दाराआड चहा गाळता गाळता ऐकायची. जिच्यावर जळायचं तिची बित्तंबातमी बाई ठेवतेच, तशी मी ठेवली.

मुंबई-पुणे लाइन तेव्हाही विजेवरच चालायची. इंजिनं विलायतेहून आलेली, इंग्रजांच्या वेळची. लोणावळा लोकलला नेहमी जोडत ते सवारी गाडीचं इंजिन, मोठ्या चाकांचं, उभट तोंडाचं, धावायला चपळ. खेकडा मूळचा मालगाडीचा, घाट चढायला आणलेला. दोन्ही टोकांना लांब नाक, चाकांना चाकं जोडणारे जाडजूड दांडे. चालायला लागला की ते दांडे खालीवर होत, वळणावर तो अंग मोडून घेई, आणि उभा असला की फुसफुसत राही. म्हणून रेल्वेच्याच माणसांनी त्याला हे नाव दिलेलं. सवारीचं इंजिन कधी बिघडलं, कधी मिळालं नाही, तर लोकलला खेकडा लावत. असा दिवस क्वचित यायचा, आणि तो आला की ह्यांची दिवाळी.

आता ती इंजिनं राहिली नाहीत आणि हेही राहिले नाहीत. गळ्यात कॅमेरे अडकवलेली मुलं कधीकधी माझ्याकडे येतात, कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की आजींना जुन्या लोकलचं सगळं ठाऊक आहे. मी सांगते. लाकडी डबे, त्यांचा लाखेसारखा तांबडा रंग, नव्या रंगाखाली दिसणारी जुन्या कंपनीची इंग्रजी अक्षरं, पट्ट्यापट्ट्यांची बाकं, खिडक्यांच्या वर सरकवायच्या लाकडी झिलमिल्या, पितळी खिटी. मुलं भारावून ऐकतात आणि म्हणतात, आजी, तुमचं किती प्रेम होतं हो गाड्यांवर. मी त्यांना लाडू देते.

तर चिंचवडच्या फलाटावर रोज सकाळी एक खेळ चालायचा. खडकीला आणि पुण्याला जाणारे कारखान्यातले लोक जमायचे. गाडी दिसायच्या आधी, वळणाच्या पलीकडे असतानाच, आज इंजिन कोणतं ते नुसत्या आवाजावरून सांगायचं. चुकला तो खडकीपर्यंत उभा. तळेगाव, देहूरोडहून गाडीत बसून आलेल्यांना अर्थातच ठाऊक असायचं, पण त्यांनी गाडी थांबेपर्यंत तोंडावरची माशी हलू द्यायची नाही असा दंडक. हे कधीच चुकत नसत. सवारीची इंजिनंसुद्धा एकमेकांपासून वेगळी ओळखायचे. हे घोगरं, ते शिट्टी जरा लांबवतं, तिसऱ्याची मधेच दातखीळ बसते. घरी मी दिवाळीला नवी साडी नेसले तर ह्यांच्या लक्षात यायला संक्रांत उलटायची.

खंडेनवमीला हे लोक इंजिनाला हार घालायचे. पहिल्या वर्षी ह्यांनी मला झेंडूचा हार करायला सांगितला. मला वाटलं दारासाठी. मी हातभर केला तर म्हणाले, "एवढ्यानं काय व्हतंय? इंजिनाच्या तोंडाला पुरला पाहिजे." मी दुपारभर बसून हार ओवला, सुईनं बोटं भोकसून घेतली. सकाळी हे तो खांद्यावर टाकून नाचत गेले. मला ह्या माणसानं तोवर एक गजरा आणला नव्हता, पुढेही आणला नाही. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता. लोखंडाचा एक ठोकळा, ज्याला नाक कुठलं न् ढुंगण कुठलं ते कळत नाही, तो माझ्या हातचा हार मिरवत पुण्यापर्यंत जाणार होता.

असं असताना पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला. आमच्याकडे त्या कारखान्याची एकच गोष्ट बोलली जायची, ती म्हणजे कामगारांच्या चाळी. पक्क्या भिंती, विजेचा दिवा आणि घरात नळ. मी तेव्हा आडावरून पाणी शेंदायची, उन्हाळ्यात आड आटला की नदीवर जायची. पण खरं सांगते, नळ ही मी चारचौघात सांगायची गोष्ट होती. माझ्या मनातला डाव वेगळा होता. पिंपरीला घर मिळालं तर कारखाना चालत दहा पावलांवर. लोकल नाही, फलाट नाही, खेकडा नाही. सकाळ-संध्याकाळचा जो वेळ ती गाडी खाते तो मला मिळणार. हा माणूस ओट्यावर मित्रांशी जसा बोलतो तसा माझ्याशी बोलावा, एवढंच मला हवं होतं, आणि त्यात आडवी येते ती गाडी, असं माझं ठाम मत झालं होतं.

ह्यांचा एक जुना सोबती त्या कारखान्यात आधीच लागला होता. त्यानं निरोप पाठवला, अमुक दिवशी सकाळी येऊन साहेबाला भेट, फिटर हवेत. मी तांब्यात निखारे घालून ह्यांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. कपाळाला अंगारा लावला. बजावून सांगितलं, "पिंपरी म्हणजे पुढचंच स्टेशन. डोळे मिटून बसू नका." हे "व्हय व्हय" म्हणत गेले.

संध्याकाळी आले ते नेहमीच्या वेळेला, आणि शर्टावर खडकीच्या कारखान्याचं काळं तेल.

"भेटलात का साहेबाला?"

"न्हाई."

"का?"

हे पायरीवर बसून चपला काढत होते. मान वर न करता म्हणाले, "लोकलला खेकडा व्हता गं आज."

मी वाट बघत राहिले की पुढे काहीतरी येईल. पुढे काही नव्हतं. ह्यांच्या मते सांगून झालं होतं.

"मग?"

"मग काय? उतरवंना. म्हटलं, खडकीपतोर जावं आन् मागं फिरावं. तवर भोंगा झाला. आत गेलो."

मी ताट वाढलं आणि असं आपटलं की आमटी ह्यांच्या धोतरावर उडाली. रडले, ओरडले, माहेरी जाईन म्हटलं. हे जेवून उठले. बाहेरख्याली नवऱ्याची बायको चार घरी जाऊन रडू तरी शकते. शेजारणी तिच्या बाजूनं बोलतात, त्या दुसरीला शिव्या घालतात. मी कुणाच्या दारात जाऊन काय सांगणार होते? नवऱ्यानं इंजिनापायी नोकरी घालवली? लोक हसले असते, आणि ते हसू मला जन्मभर पुरलं असतं.

सोबत्यानं बिचाऱ्यानं पुन्हा शब्द टाकला. पुन्हा निरोप आला. ह्या वेळी मी सकाळी लुगडं नेसून तयार बसले.

"तू कुठं?" ह्यांनी विचारलं.

"पिंपरीला. तुम्हाला उतरवायला."

ह्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. स्टेशनापर्यंत चार पावलं पुढे चालत राहिले.

त्या दिवशी नेहमीचंच इंजिन होतं, नाहीतर मला ह्यांना ओढून काढावं लागलं असतं. मी बायकांच्या डब्यात गेले नाही. ह्यांच्या मागून ह्यांच्या डब्यात चढले. आतली माणसं दचकली, मग सरकली. खिडकीपाशी एक म्हातारेसे मुसलमान मेस्त्री बसले होते, तळेगावहून यायचे, मोटारी दुरुस्त करायचे. डबाभर त्यांना चाचा म्हणत. ते उठून म्हणाले, "या भाभी, बसा हितं. तुमच्या घरचीच गाडी हाय."

मी बसले आणि मग मी जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. गाडी हलली आणि हे बोलायला लागले. कुणीतरी म्हणालं की आता लोखंडी डबे येणार, हे लाकडी डबे मोडीत काढणार. हे उसळलेच. लोखंडी डबा उन्हात तव्यासारखा तापणार, त्याला आवाज नाही, जीव नाही. हा डबा बघा, म्हणून ह्यांनी बाकावर हात फिरवला. किती माणसांनी बसून बसून हे लाकूड गुळगुळीत केलंय, लोखंडाला जमेल का हे? मग खेकडा खंडाळ्याचा घाट कसा चढतो ते हे करून दाखवायला लागले. खांदे हलवत, दांड्यांसारखे कोपर फिरवत, घशातून ते कण्हणं काढत, मधेच चाक घसरल्याचा आवाज, मग ड्रायव्हरची शिवी, मग पुन्हा कण्हणं. डबा हसून हसून लोळत होता. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मीसुद्धा हसले, तोंडावर पदर धरून. मग माझ्या लक्षात आलं की ह्यांनी मला हसवलं असं आज पहिल्यांदाच घडतंय, आणि तेही मला हसवायला नव्हतं.

हा माणूस कोण, असं मला झालं. हा देखणा, हजरजबाबी, हातवारे करणारा माणूस रोज सकाळी माझ्या घरातून निघतो, आणि मला मात्र संध्याकाळी त्याचं उरलंसुरलं मिळतं. चिंचवड ते पिंपरी अंतर ते केवढं! पण तेवढ्या वेळात मी त्या डब्यातल्या प्रत्येक माणसावर जळले. त्या बाकावर जळले. चाचांच्या डोळ्यांतल्या पाण्यावरसुद्धा जळले.

पिंपरी आली. हे बोलता बोलता मधेच थांबले, मुकाट्यानं उठले आणि उतरले. इंजिनाकडे एकदाही वळून बघितलं नाही. साहेबानं ह्यांच्याकडून एक काम करून घेतलं, खूश झाला, आणि नोकरी लागली. दिवाळीनंतर घर मिळालं.

नळाचं सुख मी नाकारणार नाही. पहिल्या दिवशी मी नळ सोडून नुसती त्या धारेकडे बघत बसले होते. आड शेंदून हातांना पडलेले घट्टे महिन्याभरात मऊ झाले. चाळीत कुठून कुठून आलेली माणसं होती, परभणीची, रत्नागिरीची, खानदेशातली. जवळच्या निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी बायका दारावर पापड विकायला यायच्या. मी खूश होते. नळाला पाणी होतं, बटण दाबलं की उजेड होता, नवरा भोंगा झाला की पाच मिनिटांत घरात होता. मी जिंकले होते.

हे आता कितीतरी वेळ घरात असायचे. मागच्या पायरीवर बसायचे. रेल्वे तिथूनही ऐकू यायची, संध्याकाळी वारा तिकडचा असला तर चांगलीच. पण हे मान वर करत नसत. मी वाट बघितली. म्हटलं, नाद सुटायला वेळ लागतो. तंबाखू सोडलेला माणूससुद्धा चार महिने चिडचिड करतो. हे चिडचिडही करत नव्हते. पूर्वी "मीठ दे" म्हणायचे, आता हात लांब करून स्वतःच घ्यायचे.

मग शेजारच्या परभणीच्या बाईनं एकदा नळावर, म्हणजे आपापल्या घरात नळ असूनही आम्ही ज्या मोरीपाशी बोलायला जमायचो तिथं, मला हळूच विचारलं, "काय की बाई, मी म्हणू नये, पण तुमचे मालक रोज लई लवकर निघायलेत. भोंग्याला तर वेळ राहतोय."

मलाही ते जाणवलं होतं. मी विचारलं तर हे म्हणाले होते, "मशीन साफ करतो." दुसऱ्या दिवशी मी डबा हातात दिला, दार लावलं आणि मागच्या वाटेनं ह्यांच्या पाठोपाठ निघाले. मनात नको ते सगळं येऊन गेलं. छावणीतली कुणी असेल, कारखान्यातली कुणी असेल. हे कारखान्याकडे वळलेच नाहीत. सरळ स्टेशनात गेले. मी मालधक्क्याच्या भिंतीआड उभी राहिले.

लोकल आली. हे डब्याबरोबर धावत निघाले. खिडक्यांतून चार-पाच हात बाहेर आले. कुणी ह्यांचा खांदा धरला, चाचांनी विडी पुढे केली, आणि गाडी थांबली तेवढ्या वेळात हे बोलले. कोपर फिरवले, मान हलवली, कसलासा आवाज काढला, खिडकीत हशा झाला. गाडी सुटली तशी हे काही पावलं बरोबर चालले. मग फलाटावर थोडा वेळ उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि कारखान्याकडे निघाले. चालताना पुन्हा घरचे झाले.

बाई असती तर मी झिंज्या धरल्या असत्या. बाई असती तर मला कळलं असतं की तिचे केस माझ्यापेक्षा लांब आहेत का, ती गोरी आहे का, तिच्या हाताला चव आहे का. इथं मी कशाशी तुलना करणार होते? मी घरी आले, नळ सोडला आणि भांडी घासत बसले. मत्सरानं पोटात दुखतं असं म्हणतात ते अगदी खरं आहे, बरगड्यांच्या खाली दुखतं.

पण मी हार मानणारी बाई नव्हे. मी ठरवलं, ह्यांना जे बोलायला आवडतं तेच आपण बोलायचं. मी दुपारभर मागच्या पायरीवर बसून ऐकायला लागले. आधी सगळ्याच गाड्या सारख्या वाटायच्या. मग हळूहळू उकल झाली. सवारीचं इंजिन आलं की आवाज एकसारखा यायचा, सूत कातल्यासारखा. खेकडा आला की आधी वरच्या विजेच्या तारेची गुणगुण, मग ते कण्हणं, आणि त्याच्या खाली दांड्यांची ठेक्यातली खटखट. ती खटखट मी पकडली त्या दिवशी मला इतका आनंद झाला की संध्याकाळी हे पहिला घास घेतात तोच मी म्हटलं, "दुपारी एक मालगाडी गेली, पुढे खेकडा होता. ओझं फार होतं वाटतं, फार कण्हत होता."

हे घास चावत राहिले. "असंल," म्हणाले.

मी आठवडाभर रोज काहीतरी सांगितलं. रोज "असंल". एकदा मुद्दाम चुकीचं सांगितलं, म्हटलं चिडून तरी दुरुस्त करतील. तेव्हाही "असंल".

मग संकष्टी आली. मी म्हटलं, पहाटे चिंचवडला गणपतीला जाऊन येते. हे "जा" म्हणाले. मी डबा भरून ठेवला, चालत देवळात गेले, दर्शन घेतलं आणि घरी परतायच्याऐवजी चिंचवड स्टेशनावर आले. फलाटावर तीच माणसं होती. मी बाजूला, पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले. खेळ सुरू झाला. एक जण म्हणाला घोगरं, दुसरा म्हणाला शिट्टीवालं. मी कान दिला. आकुर्डीकडून तारेची गुणगुण आली, मग लांबवर ते कण्हणं, आणि त्याच्या खाली खटखट.  मी मनात म्हटलं, खेकडा. वळणावरून ते लांब नाक बाहेर आलं आणि फलाटावर आरडाओरडा झाला. सगळे चुकले होते. फक्त मी बरोबर होते, आणि ते सांगायला मला एकच माणूस होता.

मी त्या लाकडी डब्यात चढले. चाचांनी ओळखलं. "भाभी! आज इकडं कुठं?" मी म्हटलं, "देवळातून आले." त्यांनी खिडकीपाशी जागा करून दिली आणि हसून म्हणाले, "बसा. आता बघा तुमचा माणूस कसा पळत येतो."

झिलमिली वर होती. वारा तोंडावर येत होता. मी पदर सारखा केला, कपाळावरचं कुंकू बोटानं नीट केलं. लग्नाच्या दिवशी बोहल्यावर चढतानासुद्धा मी इतक्यांदा पदर सारखा केला नव्हता.

गाडी पिंपरीत शिरली. खेकडा फुसफुसत पुढे गेला आणि त्याच्या मागून हे फलाटावर धावत आले, डब्यांवर हात टाकत, तोंडभर हसत, लांबूनच ओरडत, "चाचा! खेकडा! मी छावणीपाशी व्हतो तवाच वळखला! काय कण्हतुय राव आज, ऐकलं का, त्यो डावा दांडा..." आणि खिडकीपाशी येऊन थांबले.

खिडकीत मी होते.

तो चेहरा मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. घामेजलेला, डोळे चमकत असलेला, अर्ध्या वाक्यात उघडं राहिलेलं तोंड. आणि माझ्या देखत तो मिटत गेला.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. "घरी काय झालं का?"

"काही नाही. देवळातून येतेय."

डब्यातले सगळे दुसरीकडे बघायला लागले. पुरुषांच्यात एखाद्याची बायको मधे आली की बघतात तसे. मी खिडकीचा गज घट्ट धरला. माझं मलाच ऐकू येईना इतक्या बारीक आवाजात मी विचारलं, "आज इंजिन कोणतं आहे हो?"

ह्यांनी पुढे बघितलं. खेकडा उभ्या उभ्या फुसफुसत होता, फलाटभर ऐकू येत होतं. मग माझ्याकडे बघितलं.

"नेहमीचंच," हे म्हणाले.

शिट्टी झाली. गाडी हलली तसे हे दोन पावलं बरोबर चालले. मला वाटलं, आता. ह्यांनी मान उंचावली आणि माझ्या डोक्यावरून आत बघून ओरडले, "चाचा, उद्या सांगतो!"